दोन चाकांमधली जागा

घोटीच्या अलीकडे मोतीरामने तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली.

"आता काय झालं बाबा?" अमितने जीप रस्त्याच्या कडेला घेत विचारलं. नात्याचा नसूनही तो मोतीरामला बाबाच म्हणायचा.

"काय नाय. जरा कडी बघतो."

मोतीराम उतरला आणि मागे गेला. जीपच्या पाठीमागे लोखंडी कडीने जोडलेली ती जुनी कॅरव्हॅन उभी होती. गोल कोपऱ्यांची, सायीच्या रंगाची, मधून एक निळा पट्टा ओढलेली. त्याने कडी हाताने हलवून पाहिली, साखळी ओढून पाहिली. दोन्ही चाकांना तळवा लावून ती तापली आहेत का ते पाहिलं. कशालाच काही झालं नव्हतं. पहिल्या दोन वेळांनाही झालं नव्हतं. तरी तो आणखी मिनिटभर तिथेच रेंगाळला.

मागच्या सीटवर त्याची बायको आक्काबाई अमितच्या बायकोला, शुभांगीला, सांगत होती, "घरीबी असंच हाय. रातीतून तीनदा उठून पंपाचं बटन बघत्यात. लाइट गेलेली असली तरी."

शुभांगी हसली. मोतीराम पुन्हा येऊन बसला आणि म्हणाला, "चला. सावकाश."

सावकाश जायला त्याच्यापाशी कारण होतं. दोन तासांनी ते वैतरणेच्या पाण्याकाठी पोहोचणार होते. मग आक्काबाई त्या कॅरव्हॅनमध्ये पाय ठेवणार होती आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याने सांगितलेली एक गोष्ट खोटी ठरणार होती.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. हिला स्वतःचं इंजिन नसतं. जीप किंवा ट्रॅक्टर ओढून नेईल तिकडे ती जाते. आत खाट, टेबल, शेगडी, पाण्याची टाकी, कपाट, सगळं भिंतींना धरून बसवलेलं असतं. पूर्वी धरणांच्या जागा पाहायला निघणाऱ्या साहेबांसाठी मोतीरामच्या खात्याने अशी एक घेतली होती. साहेब महिनोन्‌महिने रानात राहायचे. जवळपास विश्रामगृह नसायचं, म्हणून हे घर त्यांच्यामागून हिंडायचं. गावातले लोक तिला चाकाचा बंगला म्हणायचे.

त्या बंगल्याचा खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा गडी, मोतीराम. सव्वीस वर्षं त्याने तेच काम केलं. जागा निवडायची, दगड वेचायचे, बंगला उभा करायचा, चार कोपऱ्यांना जॅक लावून तो समतल करायचा, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, टाकी बाहेरून भरायची. दुपारी साहेब जेवून आडवे झाले की पायरीवर बसायचं. जमिनीची चौकशी करायला कोणी आलं की हात जोडून सांगायचं, "साहेब निजलेत. मागून या." कधी कधी ती माणसं तीन कोस चालून आलेली असत. मोतीरामला ते सांगायला जड जायचं, पण सांगावं लागायचं.

आतलं काम फकिराकडे होतं. फकिरा शिपाई होता. स्वयंपाक, झाडलोट, अंथरूण-पांघरूण त्याच्याकडे. रात्री तो स्वयंपाकाच्या राहुटीत झोपायचा. मोतीरामचे पाय कायम चिखलाचे, म्हणून त्याने पायरीच्या वर चढायचं नाही, हा नियम कोणी लिहिला नव्हता पण सगळे पाळत होते. सव्वीस वर्षांत तो दोनदा आत गेला. एकदा तापाने फणफणलेल्या साहेबाला पाठीवर घेऊन जीपमध्ये ठेवायला, आणि एकदा घोरपड शिरली होती तिला हाकलायला. दोन्ही वेळा आत काय आहे हे बघायला त्याला सवड नव्हती.

आणि रात्री तो बंगल्याखाली झोपायचा. दोन चाकांच्या मधे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आक्काबाईचे वडील मखमलाबादला मोतीरामच्या घरी आले होते. मळ्यात बसून त्यांनी सरळ विचारलं, की जावईबापू रानात नेमके कुठे निजतात? पोरीला काळजी लागते. मोतीराम तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता. तो म्हणाला, बंगल्यात दोन खाटा आहेत. एक साहेबांची, आणि दाराजवळची माझी.

ते तेवढ्या दुपारपुरतं होतं. पण नंतर रजेवर आला की आक्काबाई खोदून खोदून विचारायची. गादी कशी आहे, पडदा कसला आहे, उजेड कशाचा. खोटं वाढवायला त्याला फार काही लागलं नाही. बाहेरून जे दिसायचं तेच तो आतून सांगायचा. हिरवा पडदा खरा होता. फक्त तो त्याने दुसऱ्या बाजूने पाहिला होता.

पुढे खात्याने कॅम्प बंद केले. बंगला गोदामाच्या मागच्या आवारात पडून राहिला, त्याच्या पायरीतून बाभूळ उगवली. मोतीराम निवृत्त झाला. मुलगा समर्थ पुण्याला गेला, मुलीचं, सुवर्णाचं, लग्न झालं. आक्काबाईचा झेंडूचा मळा मात्र चालू राहिला. सव्वीस वर्षं तो तिने एकटीने सांभाळला होता. पहाटे फुलं तोडून बाजारात तीच न्यायची. मोतीराम आता फुलं तोडायला मदत करायचा, पण बसायचा नाही कधी. खात खात उठायचा, बोलत बोलत उठायचा. घरी अजूनही पडवीतच झोपायचा. आत दोन खोल्या रिकाम्या असून.

आणि मग यंदा अमित आला. नाशिकच्या अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप होतं. भंगाराच्या लिलावात त्याने तो बंगला घेतला होता आणि शुभांगीबरोबर आठ महिने खपून नीट केला होता. सुट्टीत हिंडायला आणि पुढे पर्यटकांना राहायला द्यायला. बंगल्याच्या पोटाशी एक लोखंडी पेटी होती. तीत त्याला चार लाकडी ठोकळे सापडले. प्रत्येकावर सुरीने कोरलं होतं : मोती. त्या दोन अक्षरी नावासाठी तो गोदामातल्या जुन्या माणसांना विचारत विचारत मखमलाबादला पोहोचला होता.

बंगला उभा कसा करायचा ते शिकवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि त्याबदल्यात, लोकांना द्यायच्या आधी पहिल्या मुक्कामाला तुम्ही दोघांनी राहायचं.

मोतीरामने मळ्याचं कारण सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. पण दिवाळी होऊन गेली होती, झेंडू संपला होता, आणि आक्काबाईने फुलबाजारातल्या सगळ्या बायांना आधीच सांगून टाकलं होतं.

"इतकी वर्सं ऐकते हाय मी," ती म्हणाली. "एकदा तुमची खाट बघू द्या."

*

पाण्याकाठी पोहोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. भात कापून झालेली खाचरं, त्यांच्यापुढे निळंशार पाणी, पलीकडे डोंगराची रांग. अमितने जीप थेट पाण्याच्या काठाला नेली. दार पाण्याकडे हवं, म्हणजे उठल्या उठल्या समोर पाणी दिसेल, असं त्याचं म्हणणं होतं.

"इथं नाय," मोतीराम म्हणाला. "वर घ्या."

"का बाबा?"

"वारं पान्यावरनं येतंय. दार वाऱ्याकडं केलं तर रातभर धडधड वाजंल. आन ही माती बघा." त्याने टाचेने माती दाबली, टाच आत गेली. "सकाळपोत्तर एक चाक खाली बसंल."

मग पुढचा तासभर तो वेगळाच माणूस होता. अमितला त्याने मुरमाची जागा दाखवली. पाणसळ हातात दिली. पाणसळ म्हणजे काचेची छोटी नळी. तिच्यात पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला म्हणजे जमीन समतल. अमित घाईघाईने एका कोपऱ्याचा जॅक फिरवायचा, बुडबुडा पळून दुसऱ्या टोकाला जायचा.

"त्याच्यामागं पळू नका," मोतीराम म्हणाला. "आधी उंच बाजू कंची ते बघा. तिला हात लावायचा नाय. खालची बाजू वर आणायची. आन एक फेरा दिला का थांबायचं. गाडीला बसायला येळ द्यायचा."

अमितने पुन्हा केलं. मोतीरामने त्याच्या हातातून जॅक घेतला नाही. चुकू दिलं, दुरुस्त करू दिलं. चौथ्या वेळेला बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन थांबला. अमितने वर पाहिलं. मोतीराम म्हणाला, "आता ह्यो तुमचा बंगला." तेवढ्या वेळात तो सगळं विसरून गेला होता.

आणि तेव्हाच आतून आक्काबाईची हाक आली.

"अवो, जरा या इकडं."

तो पायरीपाशी जाऊन उभा राहिला. वर चढला नाही. आक्काबाई दारात होती, तिच्या मागे शुभांगी.

"तुमची खाट दाराजवळ म्हनले होते ना? दाराजवळ तर शेगडी हाय."

मोतीरामने मान खाली घालून ठोकळा पायाने सरकवला. मग म्हणाला, "बदललं असंल यांनी. जुनं व्हतं ना सगळं."

शुभांगीला बिचारीला काय कल्पना. ती कौतुकाने सांगू लागली, की आजी, आतलं आम्ही काहीच बदललेलं नाही. शेगडी तीच, कपाट तेच, फक्त पॉलिश केलं. खाटसुद्धा तीच, मागच्या खिडकीखालची. एकच होती, एका माणसाची. आम्ही तिलाच फळी जोडून रुंद केली. दाराजवळ दुसरी खाट मावणारच नाही.

आक्काबाईने दाराजवळच्या शेगडीवर हात ठेवला, मग मागच्या खाटेकडे पाहिलं, मग पायरीखाली उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. एवढ्या वेळात एकदाही तो आत आला नव्हता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

"चहा टाकते," एवढंच ती म्हणाली.

चहा झाला. अमित आणि शुभांगी घोटीला शुभांगीच्या माहेरी मुक्कामाला जाणार होते. सकाळी दूध घेऊन येतो म्हणाले. जीप वळणाआड गेली आणि तिचा आवाजही संपला. मोतीरामने उगाच चारही जॅक पुन्हा पाहिले. सरपणाच्या काटक्या मोडल्या, मोडलेल्या पुन्हा मोडल्या. आक्काबाई चुलीच्या तीन दगडांपाशी बसली होती आणि तिने बांधून आणलेल्या भाकऱ्या निखाऱ्यावर गरम करत होती.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला.

"पावसात?" तिने विचारलं.

तिला काय विचारायचं आहे ते त्याला कळलं. "ताडपत्री असायची. चाकाला बांधायची."

"थंडीत?"

"पोतं घ्यायचं खाली. आन लय थंडी पडली तर फकिराच्या चुलीपाशी."

"इचूकाटा?"

"एकदाच."

"कवा?"

"समर्थच्या बारशाच्या वर्सी."

आक्काबाईने भाकरी उलटली. "पाय सुजवून आलते तुम्ही. पायरीवरनं पडलो म्हनले होते."

"हां."

"मी त्या पायरीला शिव्या दिल्या व्हत्या."

मोतीरामला हसू आलं, पण ती हसत नव्हती, म्हणून त्यानेही आवरलं. तिने त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली, तिच्यावर ठेचा ठेवला, आणि स्वतः न खाता उठली. बंगल्याच्या कडेला गेली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली, मग बसली, मग हळूहळू आडवी होत खाली सरकली. साठी उलटलेली बाई.

"अगं, माती हाय तिथं," मोतीराम उठत म्हणाला.

ती ऐकत नव्हती. दोन चाकांच्या मधे ती उताणी झोपली. उन्हाची तिरीप खालून आत येत होती, तेवढ्या उजेडात तिला वरचं लोखंड दिसत असावं. अमितचा रंग तिथपर्यंत पोचला नव्हता. तिथे जुना गंजच होता. मोतीराम वाकून पाहत राहिला.

"ह्यो आकडा कसला?" तिने विचारलं.

"तारेचा. मी लावला व्हता. भाकरीचं फडकं टांगायचो. मुंग्या लागू नये म्हनून."

तिने हात वर करून आकड्याला बोट लावलं. आकडा तिच्या नाकापासून दीड हात वर होता. उठून बसायचं म्हटलं तर डोकं आपटलं असतं.

"आन वर साहेब निजला का नाय, ते कसं कळायचं?"

"खाट करकरायची. कूस बदलली का खाली ऐकू येतं. करकर थांबली, म्हंजे साहेब निजला. मंग मी डोळा मिटायचो."

ती बराच वेळ तशीच पडून राहिली. उन्हाची तिरीप तिच्या पायांवरून सरकून गवतावर गेली. मग तिथूनच, त्याच्याकडे न बघता, ती बोलू लागली.

"आन घरी आले का मी तुमची वळकटी पडवीत टाकायची."

मोतीरामने चाकाला हात टेकला.

"म्हनायची, बारा महिने गादीवर निजतो मानूस. आठ दिस पडवीत काढंल. पोरांना निजू द्या आत, सासूबाईला निजू द्या. पावसाळ्यातबी म्हनली मी. थंडीतबी म्हनली." तिचा आवाज लोखंडाला लागून परत येत होता. "एकदा तरी म्हनायचं व्हतं तुम्ही. आत जागा द्या, येवढंच. खरं नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"आत जागाच कुठं व्हती तवा."

"केली असती मी," आक्काबाई म्हणाली.

बाहेर यायला तिला त्याचा हात लागला. तिच्या केसांत माती होती, पदराला गंज. त्याने झटकायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला.

"बाजारात बायांना सांगत फिरले मी," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री तो आत गेला नाही. जॅक बघतो म्हणून बाहेर राहिला, चाकाला पाठ लावून घोंगडी पांघरून बसला. वरची खाट रात्रभर करकरत होती.

*

सकाळी पाण्यावर धुकं होतं. आक्काबाई पायरी उतरून खाली आली तेव्हा मोतीराम ठोकळ्यांभोवती हिंडत होता. एक ठोकळा काढून पुन्हा घट्ट बसवत होता. तिने टाकीच्या तोटीतून तांब्या भरून घेतला होता.

"इकडं या. चला आत."

"पाय मातीचे हायेत," तो म्हणाला.

"म्हनूनच बोलावते हाय."

तिने त्याला पायरीवर बसवलं आणि त्याच्या पायांवर पाणी ओतलं. लांबचा प्रवास करून कोणी दारात आलं की घालतात तसं, आधी उजव्या, मग डाव्या. पाणी बर्फासारखं गार होतं. त्याने पाय मागे ओढला, तिने घोटा धरून पुढे घेतला. घोट्यावर जुना काळा डाग होता. त्या डागावर तिने थोडं जास्त पाणी घातलं, आणि पदराने दोन्ही पाय पुसून कोरडे केले.

"आता जा. चपला राहू द्या हितंच."

"अगं, पोरं येतील आता दूध घेऊन. जॅक काढायचे दाखवायचे हायेत."

"येऊ द्या."

मोतीराम आत गेला. फरशी पायांना उबदार लागली. आत सगळं त्याला वाटलं होतं त्याहून लहान होतं. हिरवा पडदा आता नव्हता, त्याच्या जागी निळ्या फुलांचा होता. खाटेवरचं अंथरूण तिने ताणून नीट केलं होतं, उशी थापटून ठेवली होती. तो काठावर बसला. उठला. पुन्हा बसला. मग आडवा झाला. खिडकीतून धुकं, धुक्यापलीकडे डोंगराचा माथा दिसत होता. खालून कधी डोंगर दिसला नव्हता. फक्त गवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय.

आक्काबाई बाहेर पायरीवर बसली. तिच्या वजनाने बंगला किंचित हलला आणि पुन्हा स्थिर झाला. जमीन बरोबर धरली होती पोराने.

थोड्या वेळाने जीप आली. दार उघडल्याचा आवाज झाला, मुरमावर पावलं वाजली. मोतीरामचे पाय आपोआप खाटेवरून खाली यायला निघाले.

"आजी, दूध आणलंय," अमितचा आवाज आला. "बाबा कुठे आहेत? जॅक कसे काढायचे ते विचारायचं होतं."

"साहेब निजलेत," आक्काबाई म्हणाली. "मागून या."

मग किटली दगडावर हळूच टेकवल्याचा आवाज आला आणि पावलं पाण्याच्या दिशेने लांब गेली. त्यांच्यामागून दुसरी, हलकी पावलं, शुभांगीची.

मोतीरामने पाय पुन्हा वर घेतले. डोळे टक्क उघडे होते. डाव्या कुशीवर खांदा अवघडला होता, पाठीखाली इतकं मऊ काही असायची सवय नव्हती, उठून एकदा चाकं बघून यावंसं फार वाटत होतं. पण त्याने कूस बदलली नाही. बदलली असती तर खाट करकरली असती, आणि बाहेर बसलेल्या माणसाला ते ऐकू येतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.